वाणात गेलेलं नाक

विजयमालाबाईंनी नवऱ्याचं नाक हळदीकुंकवात देऊन टाकलं, आणि वर तिळगूळही घातला.

सुनेला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तेही सासूच्या तोंडून नाही. खिडकीच्या फळीवर पडलेला सासऱ्यांचा फोन आपणहून बोलला, "नाक बसवलेलं नाही." धनश्रीनं फोन उलटा केला. मागच्या तीन खोबणींतली मधली रिकामी होती, पडलेल्या दाताच्या जागेसारखी.

"आत्या, मामांचं नाक कुठाय?"

तासगावाकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. आत्या तव्यावरच्या गुळाच्या पोळीकडं अशा बघत राहिल्या, की जणू प्रश्न पोळीलाच विचारलाय.

"आत्या, तुम्हालाच विचारतीय."

"अगं, काल एक वाण कमी पडलं," आत्या पोळी उलटत म्हणाल्या. "सगळं ताट संपलं आणि दारात बाई उभी. रिकाम्या हातानं पाठवू व्हय? मामांच्या फोनातलं काढलं आणि दिलं. सगळी नाकं सारखीच की. आज तुझ्या शीतगृहातनं दुसरं आण."

धनश्री मटकन पाटावर बसली.

त्यात आत्यांची चूक म्हणावी तर चूक, नाही तर नाही. नाकं दिसायला खरंच सारखी होती. धनश्री बेदाण्याच्या शीतगृहात कामाला. तिथं पेट्यांच्या प्रत्येक थप्पीला एक नाक लावलेलं असतं. एखादी पेटी आतून कुजायला लागली, की ते बोंब मारतं. जुनी झालेली नाकं शीतगृह भंगारात काढायचं. बेदाण्याच्या बारीक पारखीला ती चालत नसली, तरी दूध नासलंय का, गॅस गळतोय का, एवढं सांगायला ती ठणठणीत होती. धनश्रीनं ती मागून आणली, आतलं शिकलेलं सगळं पुसून कोरी केली आणि संक्रांतीला वाण म्हणून लुटली. आळीतल्या बायका खूश. पिढ्यान्‌पिढ्या प्लास्टिकच्या डब्या आणि गाळण्या लुटून त्यांच्या फडताळांची दारं लागेनाशी झाली होती. तिच्या हळदीकुंकवाला सवाष्ण आणि विधवा असा भेद नव्हता. पहिल्या वर्षी आत्यांनी त्यावरून तोंड वाकडं केलं होतं. आता त्याच पुढं होऊन सगळ्यांना कुंकू लावायच्या.

पण मामांचं नाक कोरं नव्हतं. ते शिकलेलं होतं.

नाक म्हणजे नखाएवढी पट्टी. तिच्यावर निरनिराळ्या लेपांचे बारीक ठिपके असतात. हवेतला वास ठिपक्याला चिकटला, की त्यातून वाहणारी वीज किंचित कमी-जास्त होते. एकट्या ठिपक्याला काही कळत नाही. सगळ्यांचं मिळून रांगोळीसारखं एक चित्र उमटतं. नासक्या दुधाचं वेगळं, जळक्या तारेचं वेगळं. आणि दमेकऱ्याच्या श्वासाचं तर फारच वेगळं. दमा उसळायच्या आधी श्वासनळ्या आतून सुजतात, आणि सुजलेल्या नळ्यांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त बाहेर पडतो. छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या कितीतरी आधी. नाकाला ते कळतं, पण दर माणसाची रांगोळी निराळी, म्हणून त्याला त्या माणसाच्या उशाशी राहून ती गिरवावी लागते. मामांचं नाक गेला अख्खा हंगाम त्यांच्या उशाशी बसून शिकलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी नाक नव्हतं. बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्या दिवसांत सगळ्या तालुक्याची हवा नाकाला झोंबते. त्या हवेत मामा अंगणातच निळे पडले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, अजून थोडा उशीर झाला असता तर माणूस हातचा गेला असता. आणि आता परत धुरीचे दिवस तोंडावर आले होते. कोरं नाक आणलं तरी ते शिकेपर्यंत धुरी सुरू होऊन संपली असती.

"कुणाला दिलंत?" धनश्रीनं विचारलं. "मी जाऊन घेऊन येते."

"दिलेलं वाण परत मागत न्हाईत."

"वाण गेलं खड्ड्यात! कुणाला दिलंत?"

आत्यांनी तवा खाली उतरवला. पदराला हात पुसले.

"शर्वरीला."

शर्वरी म्हणजे थोरली सून, धनश्रीची मोठी जाऊ. तिनं या घराचा उंबरा ओलांडून कैक वर्षं लोटली होती.

"अक्का आल्या होत्या? काल?"

"तू आत दूध आटवत होतीस. ती दारात उभी राहिली. इतक्या वर्षांनी थोरली सून आली, तिला काय सांगू, ताट संपलं म्हणून?" आत्यांचा आवाज फाटला. "माझं डोकंच चाललं न्हाई. जे हाताला लागलं ते तिच्या ओटीत घातलं."

धनश्रीनं गॅस बंद केला.

आता हे घर का फुटलं ते सांगायला हवं. शेती नाही, दागिने नाहीत, हे घर एका भोकापायी फुटलं.

एक काळ असा होता, की प्रत्येक कंपनीच्या फोनचं भोक वेगळं. कुणाचं चपटं, कुणाचं गोल, कुणाचं असं की कंपनीलाच माहीत. फोन बदलला की चार्जर फेका. बॅटरी फुगली की फोन फेका, कारण ती डिंकानं आत चिकटवलेली. कॅमेऱ्याची काच तडकली, तर दुसऱ्या फोनचा कॅमेरा काढून लावू म्हणाल, तर लागणार नाही. बसला तरी फोन त्याला ओळख दाखवणार नाही. लोक हा मार मुकाट खायचे आणि त्याला प्रगती म्हणायचे. उद्या चपलेच्या कंपनीनं सांगितलं असतं, की आमची चप्पल आमच्याच रस्त्यावर चालते, तरी दुकानापुढं रांगा लागल्या असत्या.

मग समान खोबण कायदा आला. त्यात होतं काय? साध्या गोष्टी. खोबणीची लांबी-रुंदी सगळीकडं एक. तिच्यातून मिळणारी वीज ठरलेली. तुकडा आणि फोन जिथं जोडले जातात ते धातूचे टाके कुठं आणि कुठल्या टाक्यातून काय वाहणार, ते ठरलेलं. आणि भाषा ठरलेली: तुकडा, मग तो कॅमेरा असो की नाक, खोबणीत बसला, की त्यानं आधी आपण कोण, आपल्याला काय येतं, किती वीज लागते हे सांगायचं, आणि फोननं त्याला जात-गोत्र न विचारता कामाला लावायचं. बस्स. एवढ्यासाठी जगानं इतकी वर्षं घालवली.

त्यानंतर मात्र मजा झाली. साखर, विरजण आणि कॅमेरा, तिन्ही शेजारी मागायची सोय झाली. लग्न निघालं, की आळीतल्या चांगल्या कॅमेऱ्याचे तुकडे नवऱ्यामुलाकडं जायचे आणि वरातीनंतर लाडवांच्या पुड्यासोबत परत यायचे. म्हाताऱ्यांच्या फोनला मोठा कर्णा लावायचा, परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या फोनातला पडदाच काढून घ्यायचा. फोन मरेना झाला. त्याचे अवयव बदलत राहिले.

कायदा होण्याआधी कंपन्यांनी एका कलमावर मात्र दात-ओठ खाऊन झुंज दिली होती. तुकडा जे शिकेल ते तुकड्यातच राहील, असं ते कलम. कुणाला कळवायचं, तेही तुकड्यातच. आणि जीव जायची वेळ आली तर तो कुठल्याही फोनला 'अमक्याला लाव' असं सांगू शकेल. कंपन्यांचं म्हणणं, शिकलेलं सगळं आमच्या कोठारात ठेवा आणि दरमहा भाडं भरून वापरा. सांगलीला जनसुनावणी झाली. धनश्री तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या यंत्र माझ्या सासऱ्यांचा श्वास शिकलं, तर तो तुमच्या मालकीचा कसा काय?" आणि घरातल्या मेलेल्या चार्जरांची, तारांची गोणी तिनं टेबलावर पालथी केली. "यातली कुठली तार कुठल्या फोनची ते ओळखा, आणि घेऊन जा."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. फोटोत गोणी, आणि गोणीवर ठसठशीत अक्षरांत 'म्हेत्रे मोबाइल्स, तासगाव'.

म्हेत्रे मोबाइल्स म्हणजे थोरला दीर विश्वजित. त्या सुनावणीत भांडलेल्याच एका बड्या कंपनीची एजन्सी त्याच्याकडं. गोणी त्याच्या दुकानातून कधीतरी घरात आली होती, धनश्रीनं तिच्यावरची अक्षरं बघितलीही नव्हती. पण विश्वजितनं ते शेवटपर्यंत मानलं नाही. "मुद्दाम केलंस," एवढंच म्हणाला, आणि दुकानाच्या माडीवर वेगळी चूल मांडली. आत्यांनी त्या गोणीची नंतर पायपुसणी शिवली. त्यावरूनही एकदा रडारड झाली.

आणि आता मामांचा श्वास त्याच माडीवर जाऊन पडला होता.

"मी जाते," धनश्री उठली. "दादा जिन्यावरनं ढकलून देतील, देऊ देत."

"आधी पोळी खा," मामा म्हणाले. दिनकर म्हेत्रे हे सगळं ऐकत पाटावर निवांत बसले होते. "उपाशीपोटी ढकललं तर जास्त लागतं. आणि ते तूप इकडं सरकव."

एवढ्यात धनश्रीचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, अक्का. कैक वर्षांत न वाजलेला, पण कधी न पुसलेला नंबर. तिनं उचलला. पलीकडून यंत्राचा थंड आवाज आला:

"दिनकर म्हेत्रे यांचा श्वास बिघडतो आहे. पंप द्या. डॉक्टरांना कळवा."

मामांचा घास तोंडातच राहिला.

"माझा?"

धनश्रीनं त्यांच्याकडं बघितलं. गाल पोळीनं फुगलेले, मिशीला तूप, रंग चांगला तांबूस. छातीला कान लावला. भाता मस्त चालला होता.

फोनमधून आता खरा आवाज आला, धापा टाकणारा. "धनश्री? अगं, मी न्हाई लावला, आपोआप लागला! मामा बरे हायत ना? काय झालं मामांना?"

"मामा माझ्यापुढं बसून तूप मागतायत," धनश्री म्हणाली. "अक्का, तुमचा फोन आत्ता कुठं ठेवलाय?"

"जेवायच्या टेबलावर. कालचं नाक बसवलंय त्यात."

"टेबलाशी कोण बसलंय?"

पलीकडून, लांबून खोकल्याचा आवाज आला, कोरडा, दाबलेला. धनश्रीला तो आवाज ओळखीचा वाटला, कारण तो तिनं याच घरात ऐकला होता, दुसऱ्या माणसाच्या छातीतून.

"हे," शर्वरी पुटपुटली. "दिवाळीपासनं खोकतायत. गोदामातली धूळ म्हणतात. डॉक्टरांकडं चला म्हटलं तर अंगावर येतात. मी काल तेच सांगायला आले होते गं. आत्यांनी कुंकू लावलं, आणि माझ्या तोंडातनं शब्दच फुटला न्हाई."

मामा केव्हाच उठले होते. पायजम्याच्या खिशात पंप आणि काखेत त्याचं नळकांडं घेऊन ते चपला शोधत होते. "रिक्षा बोलव," ते म्हणाले. "आणि मालक, तुम्ही पण चला," हे बायकोला. चिंतेत असले की ते बायकोला मालक म्हणायचे.

दुकानाच्या माडीवर विश्वजित टेबलाला दोन्ही हातांनी धरून बसला होता. खांदे वर चढलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आई, वडील आणि धाकटी भावजय जिन्यातून वर येताना बघून त्यानं डोळे वटारले.

"कुणी... बोलावलं... ह्यांना?"

"तुझ्या श्वासानं," मामा म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले.

धनश्रीनं येतानाच डॉक्टर मुलाणींना फोन लावला होता. मामांच्या छातीचा नकाशा त्या बाईंना पाठ होता. "त्यांना बोलू द्या, मी ऐकते," त्या फोनवरून म्हणाल्या.

"साधा... खोकला... धूळ..."

"दर शब्दाला श्वास घेतायत ते. हा साधा खोकला नाही. मामांच्याच पंपाचे झोत द्या, नळकांडं लावून, आणि तसंच इकडं घेऊन या. वाट बघू नका."

मामांनी पंप हलवला. विश्वजितनं तोंड फिरवलं. तेवढ्या धापेतही त्यानं धनश्रीकडं बोट केलं.

"ती... गोणी..."

"दादा, गोणीवरनं नंतर भांडा, मी कुठं पळून जात न्हाई," धनश्री ओरडली. "आत्ता श्वास पूर्ण सोडा. सोडा म्हणते ना! हां. आता ओढा."

जन्मात पहिल्यांदा थोरल्या दिरानं तिचं ऐकलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, वाफारा झाला. ऊन खिडकीतून पलंगावर आलं, तोवर विश्वजितचे खांदे खाली आले होते आणि तो सलग वाक्य बोलायला लागला होता. पहिलं सलग वाक्य त्यानं नर्सला ऐकवलं, चहा पाणचट आहे म्हणून.

"वडिलांचा दमा मुलात उतरलाय," डॉक्टर मुलाणी म्हणाल्या. "दोघांची चित्रं तंतोतंत सारखी नसणार. पण शिकलेल्या नाकाला वास लागावा, इतकी जवळची आहेत. सकाळी नाक तिथं नसतं तर संध्याकाळी हे इथं कसे आले असते, ते मी बोलत नाही."

विश्वजितनं उशीखालून स्वतःचा फोन काढला. कायद्याच्या आधीचा, जपून ठेवलेला. गुळगुळीत, एकसंध, अंघोळीच्या साबणासारखा. त्याला ना खोबण, ना फट. त्यानं तो हातात उलटासुलटा करून बघितला.

"ह्यात बसलं नसतं ते," अखेर म्हणाला.

"साबणात काय बसणार," मामा म्हणाले. "फेस."

शर्वरी फस्सकन हसली आणि लगेच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग आत्याही रडायला लागल्या. बायकांचं काही सांगता येत नाही म्हणत विश्वजितनं भिंतीकडं तोंड केलं, पण उशी त्याचीही ओली झाली.

मुद्दा उरला तो नाकाचा. नाक एक आणि छात्या दोन.

"विरजण लावू," धनश्री म्हणाली. आळीत सगळे त्याला विरजणच म्हणायचे. शिकलेलं नाक आणि कोरं नाक एकाच फोनच्या शेजारशेजारच्या खोबणींत बसवलं, की दोघं ठरलेल्या भाषेत बोलतात आणि जुनं नव्याला शिकवतं. दोन्ही एकाच कंपनीची हवीत, असंही नाही. वाटीभर दह्यातलं चमचाभर दिल्यानं दही संपत नाही, तसंच. फक्त मालकाची परवानगी लागते. धनश्रीनं हे आधीच करून ठेवायला हवं होतं. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं होतं. शीतगृहातलं एक कोरं नाक तिच्या पर्समध्ये तळाला पडलेलं निघालं. ते तिनं शर्वरीच्या फोनात बसवलं.

फोननं विचारलं, "दिनकर म्हेत्रे, तुमचं शिकलेलं या नव्या नाकाला द्यायचं का?"

मामांनी लेकाकडं बघितलं. "घे बाबा. बापाचा दमा घेतलास, आता नाकपण घे."

जरा वेळानं दोन्ही नाकं तयार झाली. जुनं नाक शर्वरीनं काढून तळहातावर घेतलं, आणि तिथं परत गाडी अडली. आत्या पदर खोचून मध्ये उभ्या.

"वाण परत देत न्हाईत, घेत न्हाईत."

"आत्या, मामांना ते लागतंय!"

"लागू दे. रीत ती रीत."

शर्वरीनं सासूकडं बघितलं. मग कपाळावर हात मारला. "रथसप्तमी कुठं झालीय अजून? आज माझं हळदीकुंकू." तिनं आत्यांच्या कमरेच्या पिशवीतून करंडा ओढून घेतला. त्या करंड्याशिवाय आत्या घराबाहेर पडत नसत, हे तिच्या इतक्या वर्षांनीही लक्षात होतं. दवाखान्याच्या खोलीत, सलाइनच्या दांडीखाली, तिनं धनश्रीला कुंकू लावलं, बोट जरा जास्तच वेळ कपाळावर ठेवलं, आणि नाक तिच्या ओंजळीत घातलं. कुंकवाचा मान नर्सला मिळाला, डॉक्टर मुलाणींना तिळगूळ मिळाला, शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनंही हात पुढं केला तेव्हा तिला पाणचट चहाचा कप देण्यात आला.

"झालं समाधान?" मामांनी विचारलं.

"आता कसं," आत्या म्हणाल्या.

विश्वजित काही एका दिवसात देवमाणूस झाला नाही. घरी गेल्यावर त्यानं गोणीचा विषय काढलाच, आणि धनश्रीनं शपथेवर सांगितलं, की अक्षरं बघितली नव्हती, तरी "बघायला काय झालं होतं?" म्हणून तो वसकला. पण पंधरवड्यात दुकानाबाहेर नवी पाटी लागली, 'सर्व खोबणींचे सुटे भाग मिळतील, विरजण लावून मिळेल.' येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो समान खोबणीचे फायदे असे समजावून सांगायचा, की जणू कायदा यानंच दिल्लीला जाऊन करून आणलाय. धनश्रीच्या कानावर ते आलं. ती म्हणाली, आणू दे.

धुरी सुरू झाली. गंधकानं तालुक्याची हवा झोंबायला लागली. नाकानं मामांना दोनदा वेळेवर हटकलं आणि दोन्ही वेळा मामा पंप ओढून परत पत्ते खेळायला बसले.

एका दुपारी धनश्री शीतगृहातून लवकर घरी आली. अंगणात मामांच्याच चपला. दार लोटलेलं. खिडकीच्या फळीवरचा फोन तिची चाहूल लागताच शिकवल्याप्रमाणं बोलला:

"मामांचा श्वास ठीक. दुसराही ठीक."

धनश्री थबकली. तिनं मागच्या दाराकडं डोकावून बघितलं. पायरीखाली, केळीच्या आड, एक चपलांचा जोड नीट लपवून ठेवलेला. आणि आतून गुळाच्या पोळीचा वास, जो ओळखायला तिला कुठल्या नाकाची गरज नव्हती. आत कुणीतरी घाईघाईनं घास गिळत होतं.

ती आत गेली नाही. ओसरीवरच बसली, पर्स बाजूला ठेवली आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, चहा टाकायला सांगते आत्यांना. दुसरा श्वास पण चहा घेणार का?"

आत ताट सरकल्याचा आवाज झाला. मग मामांचं हसू ऐकू आलं.

"साखर कमी," विश्वजित आतून म्हणाला.